शिकवणी तळघरात नको

नूतनीकरणानंतर आपल्या ग्रंथालयातली शांतता गेली, म्हणून अडलेल्या विद्यार्थ्यांसाठीच्या शिकवणीची टेबलं तळघरात हलवा, अशी एक सूचना आली आहे. त्रास खरा आहे, पण दोष शिकवणीचा नाही, मांडणीचा आहे.

पंख्याची एकसुरी घरघर थोड्या वेळानं कानाआड होते. शेजारून ऐकू येणारं, अर्थ कळणारं वाक्य मात्र हळू बोललेलं असलं तरी लक्ष खेचून घेतंच. पुस्तकांनी भरलेली कपाटं हलवून तिथे काचेच्या भिंती आणि गुळगुळीत फरशी आणली, की आवाज शोषायला काही उरत नाही. छताला ध्वनिशोषक पॅनेल, खाली कार्पेट आणि दोन विभागांच्या मधे पुस्तकांची उंच कपाटं परत लावली तर बराच फरक पडेल.

तळघराला माझा ठाम विरोध आहे. अडलेला विद्यार्थी आधीच संकोचलेला असतो. त्याला जिना उतरून कोपऱ्यातली खोली शोधायला लावली, तर तो जाणारच नाही. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मिझुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत सुरू झालेल्या 'सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन' (वर्गाला पूरक शिकवणी) या पद्धतीत 'कच्चे विद्यार्थी' वेगळे काढत नाहीत. अवघड विषय निवडतात आणि सत्रं सगळ्यांना खुली ठेवतात. आपली शिकवणीही तशीच, दारातून आत येताच दिसेल अशी हवी. चौघांचं टेबल, हाताशी फळा, आणि आज कोणता विषय कोण शिकवणार याचा कागद बाहेर लावलेला. शांत विभाग आत, सगळ्यात मागे.