वयाचा पुरावा आणि कॅसिनोची बोट : तुमचे अनुभव लिहा

मुक्ताई_७७
काल भाच्याचा मेसेज, "मावशी, गोव्याच्या कॅसिनोत आधार चालतं ना?" कॉलेजचं टोळकं डिसेंबरात निघालंय. साहेब वीस वर्षांचे. म्हटलं, आधार चालेल रे, वय नाही चालायचं. तिथे एकवीस पूर्ण लागतात. मग एकटीच हसत बसले, कारण मांडवी नदीकाठची एक रात्र आठवली.

२०१८ चा नोव्हेंबर. नणंदेचं लग्न उरकून आम्ही तरुण मंडळी गोव्याला. जाऊबाईंच्या धाकट्या बहिणीला फेब्रुवारीतच एकवीस पूर्ण झालेली, पण चेहरा दहावीतला. पणजीच्या जेटीवर, कॅसिनोच्या बोटीच्या काउंटरवरच्या मुलाने तिचं आधार मागितलं. जुनं कार्ड, त्यावर तारीखच नाही. नुसतं 'जन्म वर्ष १९९७'. तो म्हणाला, "मॅडम, फेब्रुवारी की डिसेंबर, मला कसं कळणार?" बरोबरच होतं त्याचं. पॅन साताऱ्याला, लायसन्स कळंगुटच्या हॉटेलात. शेवटी दीर पायलटच्या मागे बसून (तिकडची मोटरसायकल टॅक्सी हो, विमानवाला नव्हे) लायसन्स घेऊन आला. तोवर आम्ही जेटीवर डास मारत. आत पोचलो तेव्हा बुफे आवरायला घेतलेला. आणि जिच्यासाठी एवढी यातायात, ती रूलेटसमोर जेमतेम पाच मिनिटं उभी राहून म्हणते, "आवाज फार आहे गं, वर डेकवर जाऊ या."

गोवा, सिंगापूर, अमेरिकेतली क्रूझ, कुठलंही चालेल. लिहा.

बंड्या नाना
१ जूनवाले हजर!!! जन्म कोजागिरीचा, पण शाळेत घालताना सहा भरत नव्हती म्हणून गुरुजींनी १ जून ठोकून दिला. त्यामुळे मित्रांबरोबर ऑगस्टात बोटीवर गेलो तेव्हा खरा विशीतच होतो, सरकारी एकवीस. गार्डने कार्ड बघितलं, मला बघितलं, सोडलं. गुरुजींच्या कृपेने पाचशे रुपये हरलो.

स्वयंपाकघरातून
@बंड्या नाना, आमच्या सासरी पाच भावंडांपैकी तिघं १ जून. बँकेतली बाई म्हणाली, तिळे का?

बंड्या नाना
😂😂 आमच्या वर्गाचा वाढदिवस एकत्रच असतो. एका केकात भागतं.

ओहायोची आजी (अजून झाले नाही)
आमची फ्लोरिडाहून कॅरिबियन क्रूझ. मुलगा एकोणीसचा. कॅसिनोला अठरा चालतात, दारूला मात्र एकवीस. म्हणजे पोरगं ब्लॅकजॅकवर बापाचे डॉलर उधळू शकतं, पण त्याला बिअर मिळणार नाही. आणि त्याच कंपनीची अलास्काची बोट घेतली तर कॅसिनोलाही एकवीस! मुलगा म्हणे, आई, अलास्का कॅन्सल.
धाकटी पंधराची. थिएटरला जायची वाट कॅसिनोतूनच. चालत जायला हरकत नाही, थांबायचं नाही. ही बया दिवे बघत थबकली की गार्ड हजर. "कीप वॉकिंग, यंग लेडी." येता-जाता तेच. शेवटी ती त्याला लांबूनच हात करायची.
कुकरची शिट्टी झाली, नंतर लिहिते.

दर्यावर्दी
शिपवर होतो मी, सिक्युरिटीत. आता साइन ऑफ करून (करार संपवून) घरी, आंबे बघतोय. तर कसं असतं, चेक-इनला पासपोर्ट स्कॅन झाला की जन्मतारीख सिस्टिममध्ये जाते, आणि तेच तुमचं खोलीचं कार्ड. स्लॉट मशीनमध्ये कार्ड घातलं की वय कमी असेल तर मशीन घेतच नाही. म्हणून पोरं काय करतात, बापाचं कार्ड उचलतात. टेबलावर डीलरला (पत्ते वाटणाऱ्याला) संशय आला तर समोरचा चेहरा आणि स्क्रीनवरचा फोटो ताडून बघायचा. समोर सतरा वर्षांचा मुलगा आणि स्क्रीनवर पन्नाशीच्या टकल्याचा फोटो आला की आम्हालाच हसू आवरायचं नाही. बाप पण खाली आला की आधी पोराची बाजू घेतो, मग बिल बघतो, मग पोराला बघतो.
बोट बंदरात असताना कॅसिनो बहुतेक ठिकाणी बंदच. किनाऱ्याचा कायदा लागतो ना. समुद्रात बाहेर गेली की दिवे लागले.
आणि क्रूला खेळायला बंदी, हे लोकांना खरं वाटत नाही.
रत्नागिरीचं कोणी आहे का इथे?

पानवेल
मी देवरुखची. आंबे कसे आहेत यंदा?

दर्यावर्दी
@पानवेल मोहोर बरा होता, पाऊस नडला. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

पणजेकार
माझं वय चौतीस. आधार, पॅन, पासपोर्ट, सगळं आहे. तरी आत घेत नाहीत 😄 फेब्रुवारी २०२० पासून गोंयकारांना कॅसिनोत बंदी. म्हणजे तुमच्या कार्डावरची तारीख बघतात, आमचा पत्ता. पुण्याचा आतेभाऊ आला की मी त्याला जेटीपर्यंत सोडतो आणि घरी जाऊन शीत-कडी जेवतो. आईला मात्र हा कायदा फार आवडला.
गंमत म्हणजे आमच्याकडे दारूला अठरा पुरतात. उलटा हिशेब, ओहायोच्या ताईंच्या बोटीपेक्षा.
@मुक्ताई, भाच्याला सांगा, सांता मोनिका जेटीवरून संध्याकाळची नाचगाण्याची बोट निघते, ती घे. ती निदान हलते तरी. कॅसिनोची नदीत नांगरून उभी असते.

शंकासूर
थांबा. नांगरून उभी?? मी बायकोला खोल समुद्रात नेतो म्हणून सांगितलंय.

पणजेकार
@शंकासूर समोर पणजीचे दिवे दिसतील, चेहरा लपवून ठेवा.

वकीलबाई नाहीत
आधारवरून आठवलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात म्हटलं की जन्मतारखेसाठी आधार ग्राह्य नाही, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख धरायची. आधारवाल्यांचं २०२३ चं परिपत्रकही तेच सांगतं, आधार ओळख पटवायला आहे, जन्मतारीख सिद्ध करायला नाही. दारावरचा माणूस कोर्ट नाही, तो आधारवर सोडतो ही गोष्ट वेगळी. पण उद्या कोणी दाखला मागितला तर? दाखल्यावर १ जून. म्हणजे पुन्हा बंड्या नानांचे गुरुजीच जिंकले.

बंड्या नाना
🙏 गुरुजी अमर रहे

ठाणेकर काका
तरुण मुलं जुगाराला निघालीत आणि इथे कुठला कागद चालतो याची चर्चा! आमच्या वेळी गणपतीच्या जागरणाला पत्ते, तेही चिंचोक्यांवर.

स्वयंपाकघरातून
काका, चिंचोके बारानंतर नाण्यांत बदलायचे, मी बघितलंय. आणि तिथे वय कोणी विचारायचं नाही. आमचा बंटी सातवीत असताना तीन पत्तीत आत्याची भाऊबीज परत जिंकला होता.

हिशेबनीस
काकांचं एका अर्थी बरोबर आहे. आमच्या घरातला किस्सा सांगतो, नावं नाहीत.
भावाचे दोन मुलगे, एक चोवीस, एक एकोणीस, चेहरे सारखे. धाकटा गोव्याला गेला तो मोठ्याचं लायसन्स घेऊन. आत शिरला. आणि नेमका जिंकला. दहा हजारांच्या वर गेलं की कर कापतात, तीस टक्के, त्यासाठी पॅन लागतो. धाकट्याच्या फोनमध्ये दादाच्या पॅनचा फोटो होता, तोच दिला. मित्रांना पार्टी देऊन गडी घरी आला, कोणाला पत्ता नाही.
जुलैत मोठ्याचं रिटर्न भरायला मी बसलो. २६एएसमध्ये (पॅनवर कापलेल्या कराचा सरकारी तक्ता) १९४बी ची नोंद. लॉटरी, पत्ते वगैरेच्या बक्षिसाचं कलम. मी विचारलं, "काय रे, कुठे जिंकलास?" तो बिचारा सात्त्विक, चेहरा पांढराफटक. त्या तारखेला तो हैदराबादला ट्रेनिंगला. घरात दोन दिवस महाभारत. वहिनी रडतायत, भाऊ मोठ्यावरच ओरडतोय, आणि धाकटा शांतपणे वरण-भात जेवतोय. तिसऱ्या दिवशी मित्राच्या आईने पार्टीचा फोटो स्टेटसला ठेवला, तेव्हा उलगडा.
जिंकलेल्यातलं काही उरलं नव्हतं. रिटर्नमध्ये काय दाखवलं ते इथे लिहीत नाही.

ओहायोची आजी (अजून झाले नाही)
वरण-भात 😂😂 बिचारा दादा.

शंकासूर
मग मुंबईत का नाही कॅसिनो? तिथे तरी खोल समुद्र आहे.

वकीलबाई नाहीत
महाराष्ट्राचा कॅसिनोचा कायदा होता की, १९७६ चा. कधी अमलातच आणला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द केला.

सिंगापूरची सून
आमच्याकडे वय एकवीस, शिवाय नागरिक किंवा पीआर (कायमचे रहिवासी) असाल तर एका दिवसाचे १५० डॉलर दारातच. परदेशी पाहुण्यांना फुकट, पण पासपोर्ट हवा. सासरे बहात्तर वर्षांचे, हौसेने बघायला आले. गार्डने पासपोर्ट मागितला तर हे खूश. "मला वय विचारलं गं!" अहो बाबा, वय नाही, तुम्ही इथले नाही ना हे बघतोय तो. पण ऐकतात कुठे. आता पासपोर्ट काढायचा तर तो बंडीच्या आतल्या खिशात, खिशाला सेफ्टी पिन, वर स्वेटर. मागे रांग. पिन निघेना. सासूबाई मराठीत बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.
आत जाऊन एक डॉलर लावला नाही. दोन कप फुकटचा चहा प्यायले. नाशिकला जाऊन मात्र सगळ्यांना सांगितलं, "मला एकवीसचा समजले."

पानवेल
बंडीचा आतला खिसा ❤️ आमचे अण्णा सेम.

रेवा_डोंबिवली
विषय सोडून विचारते. मुंबईहून निघणाऱ्या क्रूझवर आईला न्यायचंय. तिला कॅसिनो नको, भजन चालेल. पण बोट लागते. मांडव्याच्या लाँचमध्ये सुद्धा. काय करावं?

दर्यावर्दी
मधल्या भागातली खोली घ्या, खालच्या मजल्यावरची. पुढच्या टोकाची नको, तिथे हेलकावे जास्त. उपाशी ठेवू नका. पावसाळ्यात जाऊ नका.

स्वयंपाकघरातून
आलेपाक. आणि जेवणात कांदा-लसूण चालत नसेल तर बुकिंगलाच सांगून ठेव गं.

रेवा_डोंबिवली
चालतो, तिला सगळं चालतं, फक्त बोट चालत नाही 😅 थँक्यू दादा. खिडकीची खोली हवीच म्हणतेय पण ती.