फ्लास्कमधल्या पेशींना ‘स्मूथ मसल’ म्हणायचं की नाही?

फ्लास्कवाली:
परवा कडू_कारलं यांनी लिहिलं की कल्चरमधल्या (प्रयोगशाळेत फ्लास्कमध्ये वाढवलेल्या) मानवी स्मूथ मसल पेशी (धमन्या, श्वासनलिका यांच्या भिंतीतल्या आकुंचन पावणाऱ्या स्नायूपेशी) म्हणजे ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’. वर ‘आकुंचन विसरलेल्या पेशींवर पेपर लिहिणं बंद करा’ असंही. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

महाधमनीतल्या पेशी प्लॅस्टिकवर आल्या, सीरम (रक्तातला, वाढीला चालना देणारा द्रव) मिळालं, की मायोसिन हेवी चेन आणि स्मूथेलिन ही आकुंचनाशी निगडित प्रथिनं घटतात, विभाजन सुरू होतं. मान्य. यावर चॅम्ली-कँपबेल, कँपबेल आणि रॉस यांनी १९७९ मध्येच सविस्तर लिहून ठेवलंय, तुम्ही नवीन शोध लावलेला नाही. पण धमनीला इजा झाली की शरीरातही त्या असंच वागतात! स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवल्यावर धमनी पुन्हा अरुंद होते ती बरीचशी याच वाढीमुळे. रॅपामायसिन हे औषध ही वाढ रोखतं हे फ्लास्कमध्ये दिसलं होतं. त्याचा लेप असलेल्या स्टेंटला अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली. मग काय बंद करायचं?

कडू_कारलं:
तो एक स्टेंट किती वर्षं पुरवून खाणार? एडिफोलिगाइड हे औषध विसरलात? प्रयोगशाळेत पेशींची वाढ छान थांबली, आणि बायपासच्या शिरांवर माणसांत चाचणी घेतली तेव्हा सपशेल आपटलं.

माझा खरा राग वेगळाच आहे. अल्फा अ‍ॅक्टिन हे एकच प्रथिन एकदा रंगवायचं, हिरवे धागे दिसले की ‘शुद्ध स्मूथ मसल’ लिहून मोकळं! अहो, मायोफायब्रोब्लास्टमध्येही (जखम भरणाऱ्या वेगळ्याच पेशींमध्ये) ते असतं. आणि पॅसेज नंबर, म्हणजे पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये वाटून वाढवल्या तो आकडा? तो तर पेपरात शोधूनही सापडत नाही.

निवृत्त_पिपेट:
भांडण चालू द्या. पण दोघंही मीडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रवात) पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन ही अँटिबायोटिक घालता ना? रोगाचं मूळ तिथे आहे.

फ्लास्कवाली:
सर, शस्त्रक्रियेतून आलेला ऊतीचा तुकडा आहे. पहिले काही दिवस न घालून कसं चालेल?

निवृत्त_पिपेट:
पहिले काही दिवस घाला हो! तुम्ही आठव्या पॅसेजपर्यंत घालता. कल्चरमध्ये गुपचूप शिरणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जिवाणूला पेशीभित्तिकाच नाही, पेनिसिलिन त्याचं काय वाकडं करणार? मीडियम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही, आणि सगळे खूश. आम्ही हात स्वच्छ ठेवून काम केलं, बाटलीतल्या औषधाच्या भरवशावर नाही.

कडू_कारलं:
‘आमच्या वेळी’ सुरू झालं. तुमच्या वेळी तोंडाने पिपेट ओढायचे, स्वच्छतेचं राहू द्या.

निवृत्त_पिपेट:
ओढायचो. आणि त्याच वेळी सात महिन्यांचं काम फेकलंसुद्धा आहे. पेशी कॉन्फ्लुअंट (तळ पूर्ण व्यापलेल्या), टेकड्या-दऱ्यांची नक्षी अगदी पुस्तकातल्यासारखी. कुणीतरी सहज डीएनएचा रंग घातला, तर केंद्रकाबाहेर ठिपकेच ठिपके, म्हणजे मायकोप्लाझ्मा. फ्रीझरमधल्या व्हायलसुद्धा गेल्या. त्या दिवसापासून रोजच्या मीडियममध्ये अँटिबायोटिक नाही. हसायचं तर हसा.

पॅसेज_पाच:
विषय कुठून कुठे गेला! मी श्वासनलिकेच्या पेशींवर काम करते. सीरम काढून काही दिवस ठेवल्या की आकुंचनाची प्रथिनं बऱ्यापैकी परत येतात. म्हणजे ‘विसरल्या’ नाहीत, रुसल्यात म्हणा. पण उशिराच्या पॅसेजमध्ये तितकं जमत नाही, आणि दात्यादात्यात फरक इतका की एकाच दात्यावर निष्कर्ष काढणाऱ्यांना मी तरी गंभीरपणे घेत नाही.

फ्लास्कवाली:
माझा मागचा पेपर एकाच दात्याचा होता. धन्यवाद.

कडू_कारलं:
बरं, ‘बंद करा’ हे जरा जास्तच झालं. ‘पॅसेज लिहा, एकापेक्षा जास्त मार्कर (ओळख पटवणारी प्रथिनं) दाखवा, निदान तीन दाते घ्या’ असं वाचा. एवढं केलं तर स्मूथ मसल म्हणा, सोनूबाई म्हणा, माझी हरकत नाही. पेन-स्ट्रेपबद्दल मात्र काका चूक आहेत.

निवृत्त_पिपेट:
शेवटची मायकोप्लाझ्मा टेस्ट कधी केलीस?

कडू_कारलं:
…

फ्लास्कवाली:
मी आत्ताच सॅम्पल दिलंय. निकाल काहीही आला तरी इथे सांगणार नाही.