मदत हवी आहे: बडोद्यात नवीन शेड बांधतोय, आत काम करणाऱ्यांचं काय?

नमस्कार मंडळी. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) बाबांचं छोटं युनिट आहे, कंट्रोल पॅनल बनवतो, चाळीस माणसं. जागा पुरेना म्हणून आता बडोद्याजवळच्या पोर गावात प्लॉट घेतलाय. आर्किटेक्टचं ड्रॉइंग आलं, वर मोठ्या अक्षरात "ग्रीन". सोलर आहे, पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा आहे, पण माणसं जेवायला कुठे बसणार ते मला भिंग घेऊन शोधावं लागलं.

आत्ताच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी तीनला वायरिंगच्या टेबलावर थर्मामीटर ठेवून बघितलं, ४१. वायरच्या टोकाला घालायच्या फेरूलवरचे बारीक नंबर दिवसभर वाचायचे आणि उजेड काय तर छपरातल्या प्लास्टिकच्या पत्र्यातून, एकतर डोळ्यावर येतो नाहीतर आपलीच सावली पडते. वायरिंगला सगळ्या बायकाच. शारदाबेनना विचारलं एवढ्या उकाड्यात पाणी का पीत नाही, तर म्हणाल्या, "पाणी प्यायलं की जावं लागतं ना, आणि ते ट्रक उभे असतात तिथून." नवीन ड्रॉइंगमध्ये पण संडास मागच्याच कोपऱ्यात, जनरेटरला लागून! बाबा म्हणतात पाइपलाइन तिकडून स्वस्त पडते. हे मी बदलून घेणारच, त्यावर सल्ला नकोय.

सल्ला हवाय तो छपराचा. मला जुन्या गिरण्यांसारखं करवती छप्पर करायचंय, उत्तरेला काच म्हणजे उजेड येतो पण ऊन नाही, आणि दक्षिणेचा उतार सोलरला आयताच मिळतो. पण बडोदं कर्कवृत्ताच्या खाली, साधारण २२.३ अंशावर, म्हणजे जूनमध्ये भर दुपारचा सूर्य जरासा उत्तरेला जातो आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तर चांगलाच उत्तरेकडून येतो, मग काचेवर छज्जा किती काढायचा? फॅब्रिकेटर म्हणतो बेन, दोन दातांमधली पन्हळ हमखास गळणार, आणि खाली आमचे पॅनल, एक थेंब पडला तरी संपलं. कोणी केलंय का असं, पन्हळीला उतार किती दिला, पाला अडकतो त्याचं काय करता?

दुसरं, ड्रॉइंगमध्ये छपरावर दहा टर्बो व्हेंटिलेटर आहेत पण खालून हवा आत यायला जागाच नाही, शटर तर धुळीमुळे बंदच असतं, मग ते गरगर फिरून काढणार काय? नैऋत्येच्या भिंतीत खाली जाळीचे झरोके ठेवले तर पावसाळ्यात पाणी मारेल का? पाण्याचे डक्ट कूलर सुचवू नका, मेमध्ये ठीक आहेत, जुलैत नुसती दमट हवा आत ढकलतात आणि टर्मिनल काळे पडतात.

आणि हो, १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टातलं कँटीन अडीचशेच्या वरच्या आकड्याला होतं हे कन्सल्टंटने तीनदा ऐकवलंय. मला कँटीन नकोच आहे. प्लॉटच्या पश्चिमेला एक मोठा कडुनिंब आहे, त्याच्याखाली ओटा आणि पिण्याच्या पाण्याचा नळ एवढंच हवंय, पश्चिमेच्या भिंतीवर सावलीही पडेल. त्यासाठी शेड चार मीटर पूर्वेला सरकवावी लागते आणि फॅब्रिकेटर म्हणतो झाड काढा, मुळं पाया फोडतील. चार मीटर अंतर पुरतं का हो?

सोमवारी चुना टाकून मार्किंग करणार आहेत, तेव्हा झाडाचं तेवढं आधी सांगा, छपराचं मागून सांगितलंत तरी चालेल.