आजारपणात परतावा नसलेल्या विमान तिकिटाची तारीख बदलून मिळावी का?

जळगावकर: प्रवासाच्या दोन दिवस आधी माझ्या मुलीला कांजिण्या आल्या. मुंबईहून कोचीला जाण्याची आमची तिकिटे तीन महिन्यांपूर्वी काढलेली, परतावा न मिळणाऱ्या सर्वांत स्वस्त प्रकारातली होती. डॉक्टरांचा दाखला पाठवूनही कंपनीने बदलाचे शुल्क आणि भाड्यातला फरक मिळून मूळ भाड्याहून जास्त रक्कम मागितली. संसर्गजन्य आजार असलेल्या प्रवाशाला विमानात न घेण्याचा अधिकार कंपन्या स्वतःकडे ठेवतात. मग तोच प्रवासी इतरांची काळजी करून आपणहून घरी थांबला, तर त्याचे पैसे का बुडावेत? मी परतावा मागत नाही, केवळ तारीख विनाशुल्क बदलून मागतो आहे.

भुसावळकर: मुलीला लवकर आराम पडो. तरीही आपले म्हणणे मला मान्य नाही. थोडे जास्त भाडे भरले असते, तर तारीख बदलण्याची सोय असलेले तिकीट मिळाले असते. रेल्वेचे कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केले तरी पैसे मिळत नाहीत, हे आमच्या जंक्शनच्या गावात सर्वांना ठाऊक आहे. विमान उडाले की रिकामी जागा कायमची वाया जाते. शिवाय दाखल्यावर सवलत मिळू लागली, की पैसे मोजून दाखले आणणारे निघतील आणि त्याचा भार सगळ्यांच्या भाड्यावर पडेल.

अमळनेरकर: एक व्यवहाराची गोष्ट राहून जाते आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार मूळ भाडे बुडणाऱ्या तिकिटावरसुद्धा सरकारी कर आणि विमानतळाचे वापर शुल्क प्रवाशाला परत द्यावे लागते. म्हणून बदलाचा खर्च मूळ भाड्याहून जास्त होत असेल, तर तिकीट रद्द करून ही रक्कम मागून घ्यावी. पुष्कळ लोक ती मागतच नाहीत, याची मला खरोखर हळहळ वाटते.

जळगावकर: आभारी आहे, ती रक्कम मागतोच. मात्र तत्काळ तिकीट आदल्या दिवशी काढतात. तीन महिन्यांनंतर घरात कोण आजारी पडेल, हे कुणाला सांगता येईल? दाखल्यांविषयी म्हणाल, तर गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत प्रवास करणाऱ्या स्त्रीकडून याच कंपन्या डॉक्टरांचा दाखला मागतात आणि त्यावर विश्वास ठेवून तिला विमानात घेतात. विमानात बसवताना चालणारा दाखला घरी थांबताना का चालू नये?

भुसावळकर: कांजिण्या, गोवर यांसारख्या आजारांपुरते आपले म्हणणे मी मान्य करतो, कारण तिथे सहप्रवाशांचाही प्रश्न आहे. पाठदुखीच्या दाखल्यावर मात्र तारीख बदलून मिळू नये, यावर मी ठाम आहे.