कोविडचे ऑक्सिजन बाटले आर्गॉनसाठी वापरू द्यावेत का?

ग्रिलवाला_भोसरी: २०२१ च्या तुटवड्यात आर्गॉन-नायट्रोजनचे बाटले मेडिकल ऑक्सिजनसाठी बदलायला सरकारने परवानगी दिली. मग आता उलटं का नको? १० लिटरचे बाटले लोकांच्या माळ्यावर धूळ खात पडलेत. टिग वेल्डिंगच्या किरकोळ कामाला तेवढा आर्गॉन पुरतो. आमची एजन्सी डिपॉझिट घेते, वर भाडं लावते, आणि स्वतःचा बाटला नेला तर भरून देत नाही. हायड्रो टेस्ट पास झाला की भरा! परवानगी-बिरवानगी कशाला?

टेस्टवाला: तेव्हाही ते नागपूरच्या पेसोमार्फतच (गॅस बाटल्यांना परवानगी देणारं केंद्र सरकारचं खातं) झालं होतं, कुणी गल्लीत बसून केलं नव्हतं. हायड्रोत आम्ही १५० बारच्या बाटल्याला पाण्याने २५० बारपर्यंत दाबतो. दाब काढल्यावर एकूण फुगवट्यातला १० टक्क्यांहून जास्त तसाच राहिला, तर बाटला बाद. पोलाद किती तग धरतं ते यातून कळतं. आत तेल गेलंय का, ते नाही कळत.

ग्रिलवाला_भोसरी: आर्गॉनला तेलाचं काय? तो थोडाच पेटतो!

टेस्टवाला: तुमच्याकडे नाही पेटणार. उद्या तुम्ही विकलात, घेणाऱ्याने आर्गॉनच्या निळ्यावर ऑक्सिजनचा काळा रंग मारून ऑक्सिजन भरला, मग? त्या दाबाच्या ऑक्सिजनमध्ये तेल ठिणगीशिवायही पेटतं. म्हणून आतून सफाई, नवा वॉल्व्ह, रंग आणि कागदावर नोंद. नुसता रंग मारणारे आपल्याकडे कमी नाहीत.

मिगवाली_वाळूज: भाड्याबद्दल ग्रिलवाल्यांशी सहमत, लूट आहे ती. पण आमच्या शेजारच्या शेडमध्ये आग विझवायच्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड) बाटल्यालाच वेल्डिंगचा रेग्युलेटर लावलाय. त्यात तळापर्यंत नळी असते, त्यामुळे उभ्या बाटल्यातून गॅसऐवजी द्रव वर येतो. रेग्युलेटर पांढराफटक गोठतो आणि पोरगा त्यावर किटलीने गरम पाणी ओततो. परवानगीची अट काढली की असले जुगाड वाढणार. भांडायचं तर एजन्सीशी भांडा: टेस्टची तारीख चालू असेल तर स्वतःचा बाटला नाकारायचा नाही.

भंगार_ते_सोनं: ॲसिटिलीनचा रिकामा बाटला चालेल का सीओटूला?

टेस्टवाला: अजिबात नाही. तो रिकामा नसतोच. आत सच्छिद्र भर असते, त्यात ॲसिटोन मुरलेलं.

ग्रिलवाला_भोसरी: बरं, सफाईचं पटलं. पण टेस्ट, वॉल्व्ह, रंग, कागद धरून १० लिटरचा बाटला नव्याच्या भावात जाणार. छोट्याने जन्मभर भाडंच भरायचं?

टेस्टवाला: एकट्याने आणलात तर महागच पडेल. पाच-सहा जणांनी एकदम आणा, दर बोलता येतो. मानेवर ठोकलेले पंच (नंबर, टेस्टची तारीख) वाचता येत नसतील ते मात्र आणू नका, भाड्याचा टेम्पो वाया जाईल.