वॉल्थर जीएसपी .२२ वरून .३२ वर नेण्याविषयी मार्गदर्शन हवे आहे

पंचवीस_मीटर

नमस्कार. गेली सहा वर्षे मी वॉल्थर जीएसपी या .२२ लाँग रायफल काडतुसाच्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलावर स्टँडर्ड पिस्तूल हा नेमबाजीचा प्रकार खेळतो आहे. यंदा सेंटर फायर या मोठ्या काडतुसाच्या प्रकारातही नाव द्यावे, असे माझ्या प्रशिक्षकांचे मत आहे. त्या प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर व्यासाचीच गोळी चालते, म्हणजे माझे काडतूस आपोआपच बाद होते. नवे पिस्तूल घेणे मला परवडणारे नाही, शिवाय या मुठीची आणि चापाची हाताला इतकी सवय झाली आहे की ती मोडण्याची माझी तयारी नाही. जीएसपी .३२ वर नेता येते हे मी ऐकून आहे, परंतु त्यात नेमके काय बदलते हे मला कोणी नीट सांगितलेले नाही. एका ओळखीच्या कारागिराने तर नळी मोठी करून आणि बोल्टला (काडतुसाला मागून आधार देणाऱ्या सरकत्या भागाला) हात लावून दोन दिवसांत काम करून देतो, असे सांगितले. मला ते पटलेले नाही. दुसरी शंका काडतुसांची आहे. माझ्या काकांकडे कानपूरचे .३२ रिव्हॉल्व्हर आहे, त्याची काडतुसे या पिस्तुलात चालतील का?

जुना_बालेवाडीकर

आपल्याला पटले नाही हे फार चांगले झाले. त्या कारागिराकडे पिस्तूल दाखवायलाही नेऊ नका, अशी कळकळीची विनंती आहे. नळी रुंद केली की बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचे माप) बदलला, अशी समजूत त्यामागे दिसते आणि ती मुळातच चुकीची आहे.

सरावानंतर .२२ ची एक रिकामी पुंगळी आणि .३२ ची एक रिकामी पुंगळी तळहातावर शेजारी शेजारी ठेवून पाहा. .२२ च्या बुडाला कडेवर एक चपटा ठसा दिसेल, कारण तिची स्फोटक पूड त्या कडेच्या पोकळीतच भरलेली असते. .३२ च्या बुडात मधोमध एक वेगळी टोपी बसवलेली असते आणि ठसा बरोबर त्या टोपीवर पडतो. म्हणजे फायरिंग पिन कुठे आदळते ही जागाच बदलते. .२२ च्या बुडाचा व्यास सुमारे ७ मिलिमीटर, तर .३२ चा साडेनऊ मिलिमीटर आहे, त्यामुळे बोल्टचा दर्शनी भाग आणि पुंगळी ओढून काढणारी नखी या दोन्ही गोष्टी वेगळ्या लागतात. पुंगळीची लांबी साधारण साडेपंधरावरून तेवीस मिलिमीटरच्या पुढे जाते, म्हणून मॅगझिनही निराळे येते.

याहून महत्त्वाचे कारण आतल्या हालचालीत आहे. या पिस्तुलात बोल्ट नळीशी कुलूपबंद होत नाही. गोळी नळीबाहेर पडेपर्यंत तो केवळ स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोराने जागेवर राहतो. .२२ ची गोळी २.६ ग्रॅमची असते आणि सुमारे ३२५ मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटते. .३२ ची ६.४ ग्रॅमची गोळी सव्वादोनशे मीटरच्या आसपास जाते. गुणाकार करून पाहिला तर ऊर्जा फारशी वाढत नाही, परंतु मागे येणारा धक्का जवळजवळ १.७ पट होतो. .२२ साठी तोलून बनवलेल्या बोल्टवर हा धक्का आला तर तो वेळेआधी उघडतो आणि पितळी पुंगळी नळीचा आधार सुटलेल्या अवस्थेत दाब सहन करते. ती तिथे फाटली तर नेमबाजाच्या डोळ्यांसमोर फाटते.

कारखान्याचा .३२ संच म्हणजे नळी, रिसीव्हर, बोल्ट, स्प्रिंग आणि मॅगझिन यांचे एकमेकांसाठी बनवलेले पूर्ण वरचे युनिट असते. आपली मूठ आणि खालची चौकट तशीच राहते, आपल्याला हवे आहे ते नेमके हेच. साइट (नेम धरण्याच्या खुणा) या युनिटवरच बसवलेल्या असल्यामुळे .२२ चे शून्यांकन, म्हणजे नेम आणि गोळीची जागा यांची जुळवणी, जसेच्या तसे राहते, हा मला या रचनेचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

करवीर_नेमबाज

काडतुसांविषयी लिहितो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. आपण सरसकट '.३२' म्हणतो, पण त्या नावाखाली दोन निराळी काडतुसे फिरतात. ईशापूरच्या अशनी पिस्तुलाचे .३२ एसीपी हे आखूड असून त्याची पुंगळी सतरा मिलिमीटरची आहे. जीएसपीचे .३२ म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. हे काडतूस १८९६ सालापासूनचे असून मुळात रिव्हॉल्व्हरसाठी बनले.

आपल्या काकांचे रिव्हॉल्व्हर याच दुसऱ्या काडतुसाचे आहे. तरीही ती काडतुसे आपल्याला चालणार नाहीत, कारण त्यांची गोळी गोल नाकाची असते आणि पुंगळीच्या बाहेर बरीच डोकावते. जीएसपीचे मॅगझिन फक्त वॅडकटरच्या मापाचे आहे. वॅडकटरची शिशाची गोळी सपाट तोंडाची असते आणि पुंगळीच्या कडेशी समतल बसवलेली असते, इतकी की पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला ते रिकामे काडतूसच वाटते. कागदावर ती गोळी छापखान्यात भोक पाडावे तसे स्वच्छ, गोल भोक पाडते. दुसरे असे की, काकांच्या परवान्यावरची काडतुसे आपण वापरणे हे मापे जुळली असती तरी बेकायदाच ठरले असते.

परवाना_आणि_नोंद

यांत्रिक बाजू वर आलेली आहे, म्हणून मी केवळ कायद्याचे लिहितो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ मध्ये शस्त्र बनवणे, विकणे आणि दुरुस्त करणे यांच्याबरोबरच त्याचे रूपांतर करणे यालाही परवाना आवश्यक ठरवला आहे. परवाना नसलेल्या कारागिराने आपली नळी कोरली, तर तो गुन्हा कलम २५ खाली येतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची किमान शिक्षा सात वर्षांची आहे. ज्याच्या पिस्तुलावर ते काम झाले, तो त्यातून बाजूला राहू शकत नाही.

कारखान्याचा संच घेतानाही तो केवळ 'सुटा भाग' आहे असे समजू नका. अधिनियमातील व्याख्येनुसार शस्त्राचे भागही शस्त्रातच मोडतात. परदेशी गेलेल्या भावाने बॅगेतून नळी आणणे म्हणजे विनापरवाना शस्त्र आयात करणे होय. आधी जिल्हा संघटना आणि राज्य संघटना यांच्यामार्फत आयातीची रीतसर परवानगी घ्यावी, त्यानंतर परवाना देणाऱ्या प्राधिकाऱ्याकडून, म्हणजे आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडून आणि अन्यत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून, परवान्यावर .३२ बोअरची आणि युनिटच्या क्रमांकाची नोंद करून घ्यावी. .३२ हा प्रतिबंधित बोअर नाही, त्यामुळे अर्ज तत्त्वतः अडण्याचे कारण नाही. अर्जासोबत स्पर्धांची गुणपत्रके जोडावीत आणि मूळ पिस्तुलाच्या नोंदीत खाडाखोड न करता स्वतंत्र ओळीत नोंद मागावी. माझ्या एका सहकाऱ्याच्या परवान्यावर लिपिकाने .२२ खोडून .३२ लिहिले आणि पुढची स्पर्धा तोंडावर असताना त्याचे .२२ चे काडतूसच बंद झाले. ती दुरुस्ती व्हायला चार महिने गेले.

पंचवीस_मीटर

सर्वांचे मनापासून आभार. कारागिराला आजच नकार कळवला आणि राज्य संघटनेकडे अर्जाचा नमुना मागितला आहे. एक शेवटची शंका आहे. संच येईपर्यंत सराव कसा करावा?

जुना_बालेवाडीकर

.२२ वरच करा, परंतु सेंटर फायरच्या वेळेत करा. पहिल्या टप्प्यात पाच मिनिटांत पाच गोळ्या अशा सहा फेऱ्या असतात. दुसऱ्या टप्प्यात निशाण तीन सेकंद समोर येते आणि सात सेकंद फिरून जाते, आणि प्रत्येक वेळी पंचेचाळीस अंशांवरून हात उचलून एकच गोळी मारायची असते. हा हात उचलण्याचा ठेका बोअरवर अवलंबून नसतो. दोह्याच्या २००६ च्या आशियाई स्पर्धेत जसपाल राणा यांनी याच प्रकारात ५९० गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली होती. साठ गोळ्यांत केवळ दहा गुण जाऊ देणे म्हणजे काय, हे तीन सेकंदांची फेरी स्वतः मारून पाहिल्यावरच कळते.

संच आल्यावर पहिले दोनशे राउंड गुण न मोजता मारा. .३२ ची गोळी संथ असते, ती नळीत जास्त वेळ राहते, त्यामुळे चाप सुटल्यावर मनगट किंचितही ढिले पडले तर ते कागदावर उतरते. .२२ वर ही चूक झाकली जाते. चापाच्या युनिटचे वजनही, म्हणजे चाप सुटायला किती ग्रॅमचा ओढा लागतो तेही, तेव्हाच तपासा. जुन्या .३२ संचांसोबत १३६० ग्रॅमचा चाप येत असे, कारण पूर्वी नियमच तसा होता. आता किमान १००० ग्रॅम पुरतात, म्हणजे आपण .२२ ला वापरता तेच युनिट ठेवता येईल. फक्त स्पर्धेच्या सकाळी शस्त्र-तपासणीच्या टेबलावर जाण्याआधी वजन टांगून एकदा खात्री करून घ्या, कारण थंडीत चाप काही ग्रॅमने हलका भरलेला मी स्वतः पाहिला आहे.