डीटीएचसाठी पाच स्पीकर कशाला? दोनच घ्या, पण नीट लावा

घोडबंदरवाला
आपल्याकडच्या फ्लॅटचा हॉल म्हणजे धरून चला १० बाय १६. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला, एका बाजूला गॅलरीची काच, दुसरीकडे स्वयंपाकघराचा पॅसेज. अशा हॉलमध्ये छत्रीवरचे (डीटीएचचे) कार्यक्रम बघायला ५.१ (समोर तीन, मागे दोन स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर) घेणं म्हणजे पैसे पाण्यात. एसडी (साध्या चित्राच्या) वाहिनीचा आवाज बहुतेक दोनच चॅनेलचा, म्हणजे डावा-उजवा असतो. एचडीवरही डॉल्बी या पद्धतीचा ५.१ आवाज मिळेलच असं नाही, कारण एचडी हे चित्राचं नाव आहे, आवाजाचं नव्हे.
त्याच पैशात दोन चांगले स्पीकर घ्या. दोघांत ६-७ फूट अंतर, बसायची जागाही तेवढीच लांब, ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला (जमिनीपासून ३६ ते ४० इंच), भिंतीपासून निदान फूटभर पुढे. टीव्ही युनिटच्या कप्प्यात कोंबलेला स्पीकर नुसता घुमतो आणि संवाद बुडतात.

उजवा_चॅनेल
साफ असहमत. तुमचा त्रिकोण (दोन स्पीकर आणि बसणारा) एकाच माणसाच्या सोयीचा आहे, सोफ्यावर बसतात चौघं. उजव्या टोकाला बसलेल्याला निवेदिका उजव्या स्पीकरमधूनच बोलल्यासारखी वाटते. जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो (फुटाला सुमारे १ मिलिसेकंद) आणि मेंदू आधी आलेल्यालाच खरं धरतो. हे दुखणं मधला स्पीकर घालवतो. त्यासाठी ५.१ प्रक्षेपणच हवं असंही नाही. रिसीव्हर म्हणजे सगळे स्पीकर चालवणारा अँप. त्यातलं डॉल्बीचं प्रो लॉजिक २ हे तंत्र दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज वेगळा काढून मध्ये देतं.
सोफा फूटभर पुढे ओढा आणि सराउंड (मागचे दोन स्पीकर) समोरच्या दिशेपासून १०० ते १२० अंशांवर, म्हणजे बाजूला किंचित मागे, कानाच्या फूट-दीड फूट वर लावा. पॅसेजकडे भिंत नसेल तर छताला ब्रॅकेट.

घोडबंदरवाला
प्रो लॉजिकचं कौतुक कागदावर ठीक. डावी-उजवीकडचा फेजचा (लहरींच्या वेळेचा) फरक शाबूत असेल तरच ते नीट चालतं. कमी बिटरेटच्या (आवाजाला कमी डेटा देणाऱ्या) वाहिनीवर जॉइंट स्टिरिओने (दोन्ही बाजू एकत्र आवळायच्या पद्धतीने) तो फरक आधीच चेपलेला असतो. मग टाळ्यांचा आवाज मागच्या स्पीकरमध्ये सळसळत फिरतो. त्यापेक्षा साधा स्टिरिओ परवडला.

तांब्याची_तार
दोघंही स्पीकरवरून भांडताय. आधी ५.१ स्पीकरपर्यंत पोचतंय का ते बघा! बऱ्याच घरांत डीटीएचचा बॉक्स एचडीएमआयने (चित्र-आवाज एकत्र नेणाऱ्या वायरने) टीव्हीला आणि टीव्हीच्या ऑप्टिकलमधून (प्रकाशाने आवाज नेणाऱ्या वायरीतून) आवाज बाहेर, अशी जोडणी असते. कित्येक टीव्ही बाहेरून आलेला ५.१ त्या वाटेने दोन चॅनेल करूनच सोडतात. अशा मिश्रणात मधला आणि मागचे आवाज डाव्या-उजव्यात ३ डेसिबल कमी करून मिसळतात, सबवूफरचा स्वतंत्र चॅनेल बहुधा टाकूनच देतात. हे ऐकून लोक म्हणतात, ५.१ मध्ये काही दम नाही.

सरळ वाट अशी. बॉक्सची एचडीएमआय रिसीव्हरला, रिसीव्हरची टीव्हीला. बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये पीसीएम (बॉक्सनेच उलगडलेला आवाज) बदलून डॉल्बी किंवा बिटस्ट्रीम (न उलगडता पुढे दिलेला). टीव्हीचे स्पीकर बंद. मग रिसीव्हरच्या पट्टीवर काय उमटतं ते वाचा. ५.१ च्या वाहिनीवरही पीसीएम दिसलं तर चूक बॉक्सच्या सेटिंगमध्ये. नुसता साउंडबार असेल तर टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्याच एचडीएमआय पोर्टला (तेच आवाज परत बाहेर देतं) लावा, सीईसी (उपकरणांनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय) चालू करा, डिजिटल आउटपुट पास-थ्रूवर (आवाज न बदलता पुढे) ठेवा.

बॉक्सला ऑप्टिकल असेल तर तेही चालतं. डॉल्बी डिजिटल प्लस (डॉल्बीची नंतरची आवृत्ती) त्यातून जात नाही, पण बॉक्स त्याचं साधं डॉल्बी डिजिटल करून देत असेल तर ५.१ शाबूत राहतं. नव्या वायरच्या टोकावरची पारदर्शक टोपी मात्र काढा. ती तशीच ठेवून वायर दाबत बसणारे आणि पोर्टचं झाकण मोडणारे कमी नाहीत. दुसरं टोक मोकळं असताना तिथे लाल ठिपका दिसला की वायर ठीक.

नेरूळ_पूर्व
माझे दोन प्रश्न. अँप चालू केला की बारीक घूंऽऽ येतो, छत्रीची वायर बॉक्समधून काढली की थांबतो. आणि जोराच्या पावसात आवाज तुटताना रिसीव्हर टक्‌ टक्‌ करतो.

तांब्याची_तार
घूं म्हणजे अर्थिंगचा फेरा. छत्रीच्या केबलचं जाळीदार आवरण एकीकडे, अँपची अर्थिंग दुसरीकडे, दोन्हींच्या व्होल्टेजमध्ये थोडा फरक. आवाज ऑप्टिकलने न्या, त्यात विजेचा संबंधच तुटतो. पण अँपच्या प्लगची तिसरी पिन कापायची नाही, कोणीही सांगितलं तरी.
टक्‌ म्हणजे डॉल्बीचा प्रवाह तुटल्यावर रिसीव्हर तो नव्याने ओळखतो तेव्हाचा रिले (आतला विजेचा खटका). पावसाचे चार दिवस बॉक्स पीसीएमवर टाका. साध्या सरीतही तुटत असेल तर छत्रीची दिशा बघा आणि कनेक्टर उघडा. खाडीच्या हवेत त्याला हिरवट गंज चढतो.

उजवा_चॅनेल
आणखी एक, ओठ आणि आवाज जुळवणं. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करतो म्हणून चित्र मागे पडतं. रिसीव्हरच्या ऑडिओ डिलेमध्ये (आवाज उशिरा सोडायची सोय) ८० मिलिसेकंदांपासून सुरू करा आणि २०-२० ने कमीजास्त करा. बातम्या लावून प, ब, म या अक्षरांना ओठ मिटतात का तेवढंच बघायचं, बाकी अक्षरांवरून काही कळत नाही.

घोडबंदरवाला
मधल्या स्पीकरचा मुद्दा मान्य, पण तो डाव्या-उजव्याच्याच कंपनीचा, त्याच मॉडेल-मालिकेतला हवा. नाहीतर पात्र पडदा ओलांडताना आवाजाचा पोत बदलतो. मागचे दोन मात्र मी अजूनही घेऊ देणार नाही. सबवूफर घेतलाच तर क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती मर्यादा) ८० हर्ट्झ, कोपऱ्यापासून लांब, खाली जाड रबर. नाहीतर रात्री दहानंतर खालच्या मजल्याचा इंटरकॉम ठरलेला.